सर-मॅडम, एकदा आमचं रफ पण बघा

आदरणीय सर आणि मॅडम,

म्हणजे विद्यापीठात निबंध लिहायला सांगणारे, ते गठ्ठ्याने तपासणारे आणि समासात लाल पेनाने 'मुद्देसूद नाही' असं लिहिणारे तुम्ही सगळेच. पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगते, एरवी शब्दमर्यादा पाळतेच, इथे मार्क नाहीत म्हणून जरा सैल सोडलंय.

तक्रार एकच आहे. तुम्ही आमच्याकडून निबंध मागता, पण निबंध होतो कसा हे कुणी दाखवत नाही. विषय मिळतो, शब्दसंख्या मिळते, तारीख मिळते, मधलं सगळं आमचं आम्ही बघायचं आणि ते बहुतेक आदल्या रात्रीच बघितलं जातं. मग तीन-चार आठवड्यांनी निबंध परत येतो, त्यावर कॉमेंट असतात, चांगल्याही असतात, पण तोवर त्या निबंधाचं काही करायची वेळ गेलेली असते आणि पुढचा विषय वेगळाच असतो. मग आम्ही काय करतो, मार्क बघतो आणि फाइल बंद करतो. तुम्ही लिहिलेलं वाचत नाही असं नाही हो, वाचतो, पण वाचून करायचं काय?

माझंच सांगते. दुसऱ्या वर्षाला इतिहासात प्रश्न होता, 'औद्योगिक क्रांतीमुळे इंग्लंडमधल्या कामगारांचं राहणीमान सुधारलं, या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात?' दोन हजार शब्द. मी लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली, त्यातली दोन उघडली, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री नऊला बसले. सुरुवात केली ती थेट सूत कातायच्या यंत्रापासून, मग वाफेचं इंजिन, मग रेल्वे, १८३३ चा कारखान्यांचा कायदा, नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत कामाला ठेवायला बंदी, १८४७ चा दहा तासांचा कायदा, जे जे सापडलं ते ते ओतलं. पहाटे चारच्या सुमाराला सतराशे शब्द झाले होते आणि आता शेवट तर करायला हवा म्हणून मी लिहिलं की सुधारलं का नाही हे कुठल्या काळातल्या कुठल्या कामगाराबद्दल विचारताय त्यावर आहे, हातमागावर विणणाऱ्याचं यंत्रमागाने वाटोळंच केलं, आणि मजुरी वाढली ती जास्त करून १८४० नंतर, मग त्याआधी जो गिरणीत म्हातारा झाला त्याच्यासाठी 'सुधारलं' ह्या शब्दाला काय अर्थ आहे. लिहिलं, सबमिट केलं, झोपले.

निबंध परत आला तेव्हा शेवटच्या परिच्छेदाशेजारी एकच ओळ होती: 'निबंध इथून सुरू व्हायला हवा होता.'

तेव्हा इतका राग आला! कारण तो परिच्छेद मला सुचला तोच मुळी पहाटे चारला, आधीचे सतराशे शब्द लिहून झाल्यावर. तो आधी माझ्याकडे नव्हताच, तर तिथून सुरुवात कशी करणार होते मी? आता वर्षभराने वाटतं की माझ्या सगळ्या निबंधांवर मिळालेली ती सगळ्यात खरी कॉमेंट होती, फक्त आली तेव्हा खेळ संपला होता. तीच ओळ जर आठवडाभर आधी मिळाली असती, माझं ते सतराशे शब्दांचं रफ बघून, तर मी तो शेवटचा परिच्छेद उचलून वर नेला असता, रेल्वेला नारळ दिला असता आणि विणकर विरुद्ध गिरणीतला सूतकताई कामगार असा खरा निबंध लिहिला असता. मला येत होता तो! हेच तर दुःख आहे.

शाळेत रफ वही आणि फेअर वही अशा दोन असायच्या, आठवतं ना? रफ वहीत खाडाखोड चालायची, कुणी ओरडायचं नाही. विद्यापीठात आल्यावर रफ वही गायब झाली. म्हणजे आम्ही अजून रफच करतो, फक्त ते फेअर म्हणून देतो.

आणि हे काही माझं एकटीचं निरीक्षण नाही. नॅन्सी सॉमर्स नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९८० मध्ये एक अभ्यास छापला, त्यात २० कॉलेजचे विद्यार्थी आणि २० मुरलेले लिहिणारे लोक घेतले, प्रत्येकाकडून तीन तीन निबंध लिहून घेतले आणि प्रत्येक निबंध दोनदा सुधारून घेतला. फरक काय दिसला? विद्यार्थी सुधारणा म्हणजे शब्द बदलणं समजत होते, हा शब्द दोनदा आला काढ, त्याच्या जागी भारी शब्द टाक. मुरलेले लोक मात्र पहिल्या ड्राफ्टमध्ये आपल्याला नेमकं म्हणायचंय काय हेच शोधत होते, त्यासाठी अख्खे परिच्छेद हलवत होते, उडवत होते. आता सांगा, आम्हाला शब्द बदलण्यापलीकडे काही येत नाही यात दोष आमचा एकट्याचा कसा? 'पुन्हा एकदा वाचून बघा' एवढंच सांगितलं की आम्ही शुद्धलेखन बघतो. अजून काय बघायचं असतं हे कुणी बोललंच नाही.

थोडं विषयांतर करते, पण शब्दांची मजा आहे. आपला 'निबंध' हा शब्द बांधण्यावरून आलाय, त्यात 'बंध' आहे, म्हणजे मोट बांधून, गाठ मारून तयार. आणि इंग्रजीतला 'एसे' आला फ्रेंचमधून, तिथे त्याचा अर्थ प्रयत्न, करून बघणं. मोंतेन्य या फ्रेंच लेखकाने १५८० मध्ये त्या नावाने आपलं लिखाण छापलं आणि गंमत म्हणजे तो थांबलाच नाही, १५८८ ची आवृत्ती छापून आल्यावर त्याच्याच समासात हाताने भर घालत बसला, १५९२ मध्ये वारला तोपर्यंत. म्हणजे ज्या माणसामुळे हा प्रकार रुजला त्याचंसुद्धा फेअर झालंच नाही कधी. आम्हाला मात्र पहिल्या झटक्यात बांधलेली मोट हवी.

दुसरी गोष्ट, प्रश्नातली क्रियापदं. याबद्दल मला खरंच भांडायचंय. 'चर्चा करा' असं तुम्ही लिहिता. आम्ही बोलताना चर्चा म्हणतो ती गप्पांना. मग आम्ही विषयावर गप्पा मारतो, दोन हजार शब्द. तुम्हाला काय हवं असतं, तर एकमेकांना भिडणारी मतं समोर ठेवायची, प्रत्येकाच्या बाजूने काय पुरावा आहे ते तोलायचं आणि शेवटी आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. हे त्या दोन शब्दांत कुठे दिसतं हो? 'स्पष्ट करा' म्हणजे कसं आणि का घडतं ते उलगडून सांगा, तिथे माझं मत नकोय. 'मूल्यमापन करा' म्हणजे मत हवंच, पण कुठल्या निकषावर ते आधी सांगून. 'तुलना करा' म्हटलं की अर्धा निबंध अ वर आणि अर्धा ब वर लिहून देणारी मी एकटी नाही, अख्खा वर्ग तसंच करतो, कारण एकच मुद्दा घेऊन त्यावर अ आणि ब शेजारी ठेवायचे, मग दुसरा मुद्दा घ्यायचा, हे मला एका सिनियरने कॅन्टीनमध्ये टिशू पेपरवर काढून दाखवलं. वर्गात नाही. आणि 'कितपत' हा शब्द तर इतका साधा दिसतो की त्याच्याकडे लक्षच जात नाही, पण माझ्या त्या निबंधात सगळा जीव त्या 'कितपत'मध्ये होता. विधान पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही, कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढे नाही, ती रेघ ओढ. ही रेघ मी शेवटच्या परिच्छेदात ओढली, तीसुद्धा चुकून.

प्रश्न देताना दहा मिनिटं घेऊन सगळ्या वर्गाबरोबर तो प्रश्न उलगडून बघितला तरी अर्धे निबंध फसण्यापासून वाचतील. खरंच सांगते.

आता वेळेचं. तुम्ही म्हणाल आदल्या रात्री बसता त्याला आम्ही काय करणार. मान्य. मी आळशी आहे, हे पण मान्य. पण नुसता आळस नाहीये तो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की माणसं आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमीच धरतात. मग १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. सगळं उलटं घडलं, वाटेल ती अडचण आली तर? तेव्हा म्हणाले ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला! आणि आपण सांगितलेल्या वेळेत पुरं करणारे तिघांत एकही धड भरत नव्हते. ही सगळी शिकलेली, मन लावून करणारी मुलं होती. तेव्हा 'वेळेचं नियोजन करा' हा सल्ला म्हणजे थंडी वाजणाऱ्याला थंडी वाजवून घेऊ नकोस म्हणण्यासारखं आहे. आम्हाला सल्ला नको, मधली एक तारीख हवी, कारण ज्या कामाला तारीख नसते ते काम होत नाही, निदान माझ्याकडून तरी.

मी हळूहळू ठेचा खात खात माझी एक पद्धत बसवलीय, ती इथे लिहिते कारण ज्युनियर मुलंही हे वाचतील आणि तुम्हालाही कळेल की मधे काय काय चालतं. सगळ्यात आधी प्रश्न हाताने कागदावर लिहिते, कॉपी-पेस्ट नाही, हाताने लिहिताना 'कितपत' सारखे शब्द टोचतात. त्याच्या खाली लगेच, काहीही न वाचता, एका वाक्यात उत्तर लिहिते, 'मला असं वाटतं की अमुक, कारण तमुक'. ते वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचं निघतं, त्याने काही बिघडत नाही, पण ते असलं की वाचन सरळ होतं, कारण आता मी पुस्तक वाचत नसते, माझं वाक्य टिकतंय का ते बघत असते. वाचताना टिपणाच्या शेजारी पान नंबर तिथल्या तिथे टाकते. हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं खरं तर, कारण रात्री दोन वाजता एका वाक्याचा पान नंबर शोधण्यात आयुष्याचे जेवढे तास गेलेत ना तेवढ्यात अजून एक निबंध झाला असता. आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर अवतरणचिन्हं त्याच क्षणी, नाहीतर महिन्याभराने ते वाक्य माझंच वाटायला लागतं आणि मग चोरी केली असा शिक्का बसतो. अशी चोरी बहुतेक वेळा टिपणातच होते, निबंध लिहिताना नाही.

मग हिशोब. एक परिच्छेद साधारण दोनशे शब्दांचा धरला तर दोन हजार शब्दांत दहा परिच्छेद होतात, सुरुवात-शेवट काढले की आठ उरतात, आणि एक मुद्दा धड मांडून, पुरावा देऊन, त्याच्या विरुद्ध काय म्हणता येईल त्यालाही उत्तर द्यायचं तर दोन परिच्छेद जातातच. म्हणजे चार मुद्दे. फक्त चार! माझ्या औद्योगिक क्रांतीत अकरा होते. हे गणित मला पहिल्या वर्षी कुणी फळ्यावर करून दाखवलं असतं ना, मी त्यांच्या पाया पडले असते.

पहिला ड्राफ्ट घाण असतो आणि मी तो घाणच ठेवते, इंट्रो लिहीतच नाही, तिथे 'इंट्रो नंतर' एवढंच लिहून पुढे जाते, कारण कुठे पोचणार हे माहीत नसताना वाचणाऱ्याला वाट काय सांगायची. लिहून झाल्यावर एक दिवस हात लावत नाही. मग प्रिंट काढून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एका ओळीत लिहिते, हा परिच्छेद काय म्हणतो. काय म्हणतो, कशाबद्दल आहे ते नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. 'रेल्वेबद्दल' ही ओळ नाही झाली, 'रेल्वेमुळे मजुराला काम शोधत लांब जाता आलं' ही झाली. एक ओळ लिहिताच आली नाही तर तो परिच्छेद काही म्हणतच नाहीये, उडवायचा, कितीही छान वाटत असला तरी. दोन परिच्छेदांची ओळ एकच आली तर दोघांचं लग्न लावून टाकायचं. मग नुसत्या त्या ओळी वरून खाली वाचायच्या, त्यातून प्रश्नाचं उत्तर उभं राहिलं तर निबंध आहे, नाहीतर अजून नुसतं सामान आहे.

रेफरन्सबद्दल फार बोलत नाही, तुमच्या प्रत्येकाची स्टाइल वेगळी, कुणाला एपीए, कुणाला एमएलए, कुणाला तळटिपा, चालतंय.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून तुमचा आमच्यावरचा विश्वास उडाला. का उडाला ते कळतं, वर्गात काय काय चालतं ते मीही बघतेय. पण त्यावर उपाय म्हणून निबंध माणसाने लिहिलाय की यंत्राने हे सांगणाऱ्या ओळखयंत्रात टाकायचे आणि ते सांगेल तसं वागायचं, हे मला पटत नाही. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी बनवलं त्यांनीच स्वतःचं असं यंत्र काढलं होतं, त्यांच्याच सांगण्यानुसार यंत्राने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के ते धरू शकायचं आणि माणसाने लिहिलेलं ९ टक्के वेळा यंत्राचं ठरवायचं, आणि जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते गुपचूप बंदही करून टाकलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेतले ९१ निबंध, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी लिहिलेले, सात ओळखयंत्रांतून काढले तर सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. माणसांनी लिहिलेले! साधे शब्द, सरळ वाक्यं वापरली म्हणून. म्हणजे आमच्यासारखी मुलं, जी दुसऱ्या भाषेत अडखळत लिहितात, तीच आधी अडकणार.

पण तुम्ही जर आमचं रफ बघत असाल, तो चुकीचा पहिला अंदाज, पान नंबर टाकलेली टिपणं, समासातल्या ओळी, तर यंत्राला विचारायची गरजच किती उरते? खाडाखोडही खोटी बनवता येते म्हणा, बनवणारे बनवतील, पण तेवढी खोटी खाडाखोड करण्यापेक्षा खरा निबंध लिहिणं सोपं पडेल.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. शंभर मुलांचा वर्ग, वर दुसरे दोन वर्ग, परीक्षांचे गठ्ठे, स्वतःचं संशोधन, त्यात शंभर रफ ड्राफ्ट कोण वाचणार. पूर्ण वाचूच नका. एकच पान मागा, त्यावर प्रश्न, एका वाक्यातलं उत्तर आणि चार मुद्द्यांच्या चार ओळी, असं पान वाचायला दोन मिनिटं लागत असतील, आणि त्यावर 'चौथी ओळ वर घे' एवढं लिहिलंत तरी आमच्यासाठी सोनं आहे. शंभर पानं नाही जमत तर वर्गातच जोड्या लावून एकमेकांची वाचायला लावा, दुसऱ्याच्या निबंधातला गोंधळ लगेच दिसतो, स्वतःचा दिसत नाही, त्यामुळे दोघांचंही भलं होतं. आणि त्या पानाला पाच मार्क ठेवा प्लीज, मार्क नसलेलं काम आम्ही करणार नाही, आम्ही कसे आहोत तुम्हाला माहीत आहे.

अजून एक मागणं आहे, जरा आगाऊ वाटेल. एका मॅडमनी एकदा स्वतःचा छापून आलेला लेख स्क्रीनवर लावला आणि शेजारी त्याचा पहिला ड्राफ्ट लावला. तपासणाऱ्यांच्या कॉमेंट पण लावल्या, एकाने लिहिलं होतं की लेखिकेचा मुद्दा नक्की कळत नाही. मॅडमच्या लेखावर! वर्ग इतका शांत कधी झाला नव्हता. तीनदा लिहिला म्हणाल्या, दुसऱ्या वेळी रडायला आलं म्हणाल्या, आणि मग लेखातून काढून टाकलेली ती पहिली तीन पानं दाखवली ज्यांच्यावर त्यांनी महिनाभर घालवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मला निबंध लिहिता येत नाही असं नाही, मी फक्त पहिल्याच पायरीवर पेपर देऊन टाकते. तर तुमच्याकडेही असतील ना असे जुने ड्राफ्ट, कुठल्या तरी फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल टू', 'आता खरंच फायनल' अशा नावांचे? एक तास काढून दाखवा. लाजू नका, आमच्या फोल्डरमध्ये पण तीच नावं आहेत.

पुढच्या टर्मचे विषय लवकरच लागतील. नोटीस टाइप कराल तेव्हा सबमिशनच्या तारखेच्या वर अजून एक ओळ टाका, दहा दिवस आधीची तारीख, आणि तिच्यापुढे लिहा: 'रफ आणा'. हवं तर 'खाडाखोड चालेल' पण लिहा, नाहीतर आम्ही तेही फेअर करून आणू.

तुमची,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी